मामांचं थंड मशीन

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत थंड पडलेलं मशीन सुरू करणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस, वाढवून सांगायची सवय आहे. पण हे वाढवलेलं नाही. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा एमआयडीसीत फिटर. सुट्टीच्या दिवशी ते उल्हासनगरच्या भंगारबाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसे फिरायचे. तिथेच त्यांना ती चेनसॉ भेटली, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. "साईं, ये चालू नहीं होता," दुकानदाराने आधीच सांगून टाकलं. "ठंडा है बेचारा," मामा म्हणाले आणि तिला काखेत घेऊन घरी आले. त्या हिवाळ्यात करवत आत्याच्या गोधडीत झोपली. "माझ्या बाळंतपणात एवढी ऊब मला नाही मिळाली," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मामा शांतपणे गोधडीचं टोक खोचायचे.

मामांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यमालेत होतं आणि ती ऐकल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे. "थंड मशीनला आधी चोक द्यायचा, मग दोरी ओढायची. नाही पेटलं तर प्लग काढून बघा. ओला निघाला तर पेट्रोल जास्त पाजलंत. कोरडा निघाला तर चोक विसरलात. मशीन खोटं बोलत नाही." एका लग्नात वधूवरांसाठी दोन शब्द बोला म्हणून माईक दिला, तर त्यांनी हेच सांगितलं. नवरदेव मान डोलवत होता. मशीनला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि दिलेला शब्द मोडलेला तर त्याहून नाही. शेजाऱ्याचा नळ रविवारी दुरुस्त करीन म्हणाले होते, तर अंगात ताप असताना घोंगडी पांघरून पान्हा घेऊन गेले. शेजारी घाबरून म्हणाला, "मामा, पाणी नको, पण तुम्ही झोपा."

या दोन हट्टांची गाठ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पौषातल्या एका सकाळी बदलापूरजवळ सोनिवलीच्या वाटेवर पडली. तिथे नव्या इमारती उठत होत्या आणि रस्त्यासाठी एक जुनं जांभळाचं झाड पाडायचं ठरलं होतं. पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी त्याच झाडाची जांभळं दर उन्हाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर विकायची. त्यावर तिचं पावसाळ्याचं धान्य भरायचं. मी रात्रभर खपून पत्रक लिहिलं होतं. 'झाडावर पडणारी करवत आपल्या मानेवर पडणार आहे!' असा मथळा. गठ्ठा घेऊन धावत पोचलो तर झाडाखाली मशीन घेऊन उभे आमचे मामा.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "मामा, तुम्ही? कष्टकऱ्यांचे वैरी झालात?" मी असं बरंच बोललो. मामांचा चेहरा उतरला होता. रस्त्याच्या मुकादमाने कामाचं विचारलं तेव्हा मशीनला काम मिळालं याच आनंदात त्यांनी हो म्हटलं होतं. झाड कुठलं, कुणाचं, काहीच विचारलं नव्हतं. म्हातारी खोडाला पाठ लावून बसली होती. "माज्या सासऱ्यानी लावलाय ह्यो," ती एवढंच म्हणाली.

"शब्द दिलाय मी," मामा पुटपुटले, म्हातारीला हाताला धरून बाजूला बसवलं आणि दोरी ओढली. मशीन खोकलंसुद्धा नाही. दहादा ओढली, वीसदा ओढली. थंडीत त्यांच्या बनियनमधून वाफा निघायला लागल्या.

"काय मामा, आज सुरू होईल का पुढच्या वर्षी?" मुकादम म्हणाला. "आणा इकडं, मी बघतो."

"हात नाही लावायचा," मामा म्हणाले. त्यांनी प्लग काढला, बनियनला पुसला, उन्हात धरला. मी अगदी जवळ होतो. प्लग कोरडा ठणठणीत होता. वर्षानुवर्षं घोटलेला धडा आपोआप माझ्या तोंडात आला. "मामा, चोक—"

"तू तुझी पत्रकं वाट," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले आणि प्लग बसवून पुन्हा दोरी ओढू लागले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बोलता बोलता गप्प बसलो. गठ्ठ्यातलं पत्रक काढून मुकादमाच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, मामांकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. दुपारपर्यंत मामांच्या तळहाताला फोड आले, मुकादमाच्या विड्या संपल्या आणि त्याने रस्ता झाडाला वळसा घालून आखायला लावला. परतताना मी रिक्षात विचारलं, "चोक विसरलात?" मामा फोडांवर फुंकर घालत म्हणाले, "शब्दाप्रमाणे दोरी ओढली ना दुपारपर्यंत. थंडी फार होती रे."

पुढची सात वर्षं आमच्याकडे उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात जांभळं यायची. मग म्हातारी गेली, त्याच वर्षी मामाही गेले, आणि झाड कुणा दुसऱ्याच्या मशीनने पाडलं. ते मशीन म्हणे पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

मामांची करवत आता माझ्याकडे आहे. कडाक्याच्या थंडीत एखाद्या सकाळी मी तिला गोधडीतून बाहेर काढतो, चोक न देता चार वेळा दोरी ओढतो. ती सुरू होत नाही. मग मी तिला पुन्हा नीट गुंडाळून ठेवतो.