बोटभर लांब

पडदेवाल्या काकूंचा सगळा कारखाना तीन शब्दांवर चालायचा. "दाखव." "हं." "उसव."

पहिला शब्द पाठीमागून यायचा, त्यामुळे शिवणारी हमखास दचकायची. दुसरा नाकातून यायचा आणि तो किती लांबेल याचा नेम नसायचा. कधी टाचणी पडावी तसा टुण्णकन संपायचा, तर कधी इस्त्रीच्या वाफेसारखा खोलीभर पसरत जायचा. तिसरा म्हणजे कपाटाचं दार लावल्यासारखा. खट.

काकू फोन घ्यायला बाहेर गेल्या की खोलीत नकला सुरू व्हायच्या. इस्त्रीवाल्या ताईंना "दाखव" बरं जमायचं, कडेच्या मशीनवरच्या वहिनींना "उसव". पण मधला "हं" एकटीलाच जमायचा, आणि ती कोण, तर हळूबाई! एरवी तिचं बोलणं ऐकायचं तर मशीन बंद करावं लागे. "काकू, दोरा संपला" हे ती अशा आवाजात सांगायची, जणू दोऱ्याच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटेल. पण नकलेला उभी राहिली की मान तिरकी, चष्मा नसलेल्या नाकावरून नजर खाली, गळ्यात नसलेल्या टेपची दोन टोकं दोन मुठींत, आणि "हंऽऽऽ". ताई तोंडात पदर कोंबून हसायच्या.

काकूंना हे सगळं ठाऊक होतं. परत येताना त्या मुद्दाम चपला जोरात वाजवायच्या, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या जागी बसायला वेळ मिळावा. तेवढा दिलदारपणा होता त्यांच्यात.

टेपचं मात्र हसण्यावारी नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी काकूंनी पहिला पडदा शिवला तो शेजारणीच्या खिडकीचा, आणि माप घेतलं होतं शेजारणीच्या नवऱ्याने. पडदा वीतभर आखूड झाला. "अहो, खिडकीला चड्डी घातलीत की!" असं तो नवरा चार पाहुण्यांसमोर म्हणाला. काकू घरी आल्या, कापडी टेप विकत आणली, गळ्यात घातली आणि पुन्हा कधी दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही. आधी एक मशीन होतं, मग तीन, मग अकरा. कापायच्या टेबलावर दोन मीटरची, दोन मीटर चाळीसची अशा रेघा होत्या, त्याही त्याच टेपने आखलेल्या. टेबल बदललं तेव्हा काकूंनी नव्या टेबलावर गुडघे टेकून त्या रेघा स्वतः पुन्हा आखल्या. टेप आता इतकी मऊ झाली होती की लांबून पाहणाऱ्याला ती गळपट्टा वाटायची.

मग काम वाढलं. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली, सात मशीनं टाकली. आणि नेमका त्याच महिन्यात काकूंच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. नव्या खोलीला सव्वीस पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, "जिना बंद." काकू म्हणाल्या, "मग तपासायचं कोणी?" डॉक्टर म्हणाले, "ते माझ्या विषयात येत नाही."

शेवटी तपासायला नेमली हळूबाई. बारा वर्षं काम केलेली, हात सगळ्यात साफ. काकूंनी तिला बोलावून सांगितलं, "वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं काम आलंय. चोवीस पडदे. बारा इथे, बारा तुझ्याकडे. तुझे बारा मी बघणार नाही, सरळ वाचनालयात जातील. नीट लागले तर ती खोली तुझी. नाही लागले तर तू परत तुझ्या जुन्या मशीनवर, आणि ती खोली बंद. मला एका वेळी दोन ठिकाणी असता येत नाही."

हळूबाई काहीतरी म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, बरं काकू."

चौथ्या दिवशी काकूंना राहवेना. डॉक्टर काही जिन्यात उभे नव्हते. कठडा धरून त्या एकेक पायरी चढल्या, आठव्या पायरीवर दम खायला थांबल्या आणि वरून त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला.

"दाखव. हंऽऽऽ. उसव."

वर हशा पिकला. काकूही गालात हसल्या. पण मग हळूबाईचा नेहमीचा आवाज आला, आणि गंमत म्हणजे तो खाली आठव्या पायरीपर्यंत नीट पोचला. "झालं हसून? आता ऐका. इथे असं कोणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. चुकलं तर लपवू नका, आधी मला येऊन सांगा. उसवायचं का, ते मग दोघी मिळून बघू."

काकू वळल्या आणि तशाच खाली उतरल्या. उतरताना गुडघा जास्त दुखतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

घरी काका ओट्याशी उभे राहून भांडी पुसत होते. काकूंनी विचारलं, "अहो, मी कशी बोलते?"

"बोलतेस कुठे?" काका म्हणाले. "तपासतेस." मग हातातलं ताट उजेडाकडे धरून, स्वतःच एकदा न्याहाळून त्यांनी पुढे केलं. "हे बघ. पास का?"

काकूंनी ताट घेतलं, पाहिलं, आणि "हं" तोंडातून निघायच्या आत ओठ मिटून घेतले. काकांनी भुवई वर केली आणि पुढचं ताट पुसायला घेतलं. संसार जुना होता.

वाचनालयाच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना सकाळी शिडीमामांचा फोन आला. शिडीमामा म्हणजे पडदे बसवणारे. चार वर्षांपासून खिडक्यांची मापंही तेच घेत, कारण काकूंना सगळीकडे जाणं जमेनासं झालं होतं. मामा फोनवर नेहमी शिडीवरूनच बोलत असल्यासारखे ओरडत. "काकू, पडदे लागलेत, पण तुम्ही एकदा येऊन जा!"

"काय झालं?"

"आधी याच!"

दालन लांबलचक होतं, एका भिंतीला चोवीस उंच खिडक्या. डावीकडच्या बारा खिडक्यांचे पडदे फरशीवर टेकून दुमडले होते, पायात घोळणाऱ्या लेंग्यासारखे. उजवीकडचे बारा फरशीच्या किंचित वर सरळ लटकत होते. मधोमध, जिथे दोन्ही शेजारी आले होते, तिथे चांगला बोटभर फरक दिसत होता. ग्रंथपाल बाई हाताची घडी घालून तिथेच उभ्या होत्या. "आम्हाला एकसारखे हवे होते," एवढंच त्या म्हणाल्या.

"उजवीकडचे कोणाचे?" काकूंनी विचारलं, जरी त्यांना माहीत होतं.

"माझे," हळूबाई म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, रंग उडालेला.

काकूंच्या मनात आठवी पायरी होती. लाड केले की हे असं होतं, असं मनातल्या मनात त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणताना बरं वाटलं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, उजवीकडचा पहिला पडदा मोजला. मग डावीकडचा मोजला. "बघ. माझे बरोबर दोन चाळीस. तुझे दोन अडतीस. आखूड आहेत. काठ उसव, खाली पट्टी जोड. बाराच्या बारा. आणि उद्यापासून तुझ्या जुन्या मशीनवर."

हळूबाईने मान खाली घातली. मग तिने ती वर केली, हात पुढे केला, आणि दालनात एक आवाज घुमला.

"दाखवा."

शिडीमामांनी शिडी घट्ट धरली. तो आवाज काकूंचा होता. तोच मागून आल्यासारखा, दचकवणारा. शेवटचा "वा" तेवढा हळूबाईचा होता. ती स्वतःच इतकी घाबरली की तोंडावर हात गेला, पण पुढे केलेला दुसरा हात तिने मागे घेतला नाही.

बावीस वर्षांत ती टेप दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नव्हती. काकूंनी ती दिली, कारण ग्रंथपाल बाई बघत होत्या. हळूबाईने ती फरशीवर सरळ अंथरली. "मामा, तुमची द्या." शिडीमामांनी खिशातून पोलादी टेप काढली. हळूबाईने ती शेजारी पसरली, सुरुवातीची टोकं जुळवली आणि बाजूला सरकली.

काकू खाली वाकल्या. गुडघा ओरडला, तरी वाकल्या. कापडी टेपवरचा दीडशेचा आकडा पोलादी टेपवर दीडशेच्या पुढे गेला होता. सव्वा सेंटिमीटर. चांगला दिसण्याइतका.

काकूंनी टोकं स्वतः पुन्हा जुळवून पाहिली.

"कधीपासून?" काकूंनी शेवटी विचारलं.

"कापडच ते," शिडीमामा म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत. "रोज ओढून ओढून सैल पडणारच. तुम्ही खिडकीही तिनेच मोजायचात आणि कापडही तिनेच, तोवर जुळत होतं. मी मोजायला लागल्यापासून प्रत्येक पडदा बोटभर लांब यायला लागला."

"मग चार वर्षं बसवलेत कसे?"

"दांडी बोटभर वर ठोकायचो. इथे दांड्या आधीच भिंतीत बसवलेल्या. काय वर नेऊ?"

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, 'माझी टेप अठरा वर्षांची आहे, तुमची कालची.'" मामांनी ते काकूंच्या नाकातल्या सुरात म्हटलं, आणि जीभ चावली.

म्हणजे मामांनाही माझी नक्कल जमते, काकूंच्या मनात आलं. मग आलं ते वेगळंच. लांब वेणीवाली एक पोरगी कामाला आली होती, सोबत स्वतःची नवी कोरी टेप घेऊन. टेबलावरच्या रेघा सोडून ती आपल्याच टेपने मोजायची. तिचा प्रत्येक पडदा काकूंना आखूड भरायचा. "तुझा हातच आखूड आहे गं," काकू म्हणाल्या होत्या. एकच पडदा तिने तीनदा उसवला होता. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. त्या वेळी काकूंना वाटलं होतं, बरं झालं, लवकर कळलं.

"हळू," काकू म्हणाल्या. नावातलं "बाई" गळून पडलं होतं. "तुला कधी कळलं?"

"नव्या टेबलावर रेघा आखताना. तुमची टेप मिळणार नव्हती, म्हणून मामांची घेतली. तेव्हा मामांनी सांगितलं, तुमची सैल पडलीय म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

हळूबाई मामांची टेप गुंडाळू लागली. "खरं सांगू? तुम्हाला चूक सांगायची कशी, ते आमच्याकडे कोणालाच येत नाही. कधी केलेलंच नाही कोणी."

काकू उठल्या, कठड्याऐवजी हळूबाईचा खांदा धरून. ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या, "डावीकडचे बारा लांब आहेत. माझे आहेत. उद्या दुपारपर्यंत बरोबर करून देते." मग शिडीमामांकडे वळल्या. "माझे उतरवा."

जुन्या खोलीत त्या दिवशी काकू स्वतः मशीनवर बसल्या. बारा पडद्यांचे काठ त्यांनी स्वतःच्या हाताने उसवले, सगळ्यांसमोर. आधी कोणाला कळेना की मदत करायची की बघत राहायचं. काकूंनी मान वर न करता टेपचं सगळं सांगून टाकलं, वेणीवाल्या पोरीसकट. मग इस्त्रीवाल्या ताई म्हणाल्या, "काकू, तिची वेणी आठवते, घर नाही आठवत. पण तिची मावशी माझ्या गल्लीत राहते."

"विचार तिला," काकू म्हणाल्या. "मी येईन तुझ्याबरोबर."

मग कडेच्या मशीनवरच्या वहिनींनी हळूच विचारलं, "आता टेबलावरच्या रेघा?"

"पुसा. मामांच्या टेपने नव्या आखा. मी आखणार नाही, तुम्हीच आखा."

सातवा पडदा झाला तेव्हा हळूबाई रस्ता ओलांडून आली. काकूंनी पडदा तिच्यापुढे धरला. तिने मामांची टेप लावली.

"हं," ती म्हणाली.

आणि थांबली. काकूंना वाटलं, एवढा वेळ? छताचा पंखा फिरत होता, तो कधी नव्हे इतका स्पष्ट ऐकू येत होता. एका "हं"मध्ये माणूस किती वर्षं बसू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"माप बरोबर आहे," हळूबाई म्हणाली. "पण या कोपऱ्यात टीप तिरकी गेलीय. सांगू की नको, ते ठरवत होते."

"मग सांग की."

"सांगितलं."

काकूंनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. तिरकी होती. त्यांनी छोटी कात्री उचलली आणि दोरा पकडला.

दुसऱ्या दिवशी बारा पडद्यांचा गठ्ठा तयार झाला. बांधायला दोरी सापडेना. काकूंनी गळ्यातली टेप काढली, गठ्ठ्याभोवती दोनदा फिरवली आणि गाठ मारली. मामा गठ्ठा खांद्यावर घेऊन निघाले. टेपचं एक टोक मागे लोंबत होतं.

"काकू," दारातून हळूबाई म्हणाली, "मी जाते. माझ्या खोलीत सगळ्या वाट बघतायत."

"जा," काकू म्हणाल्या. सवयीने हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. तोच हात मग त्यांनी तिला जाताना हलवून दाखवला.