तीन पेपर आणि तिजोरीतला पासपोर्ट

त्या सोमवारच्या पानावर माझ्या वहीत अकरा कामं आहेत आणि अकराही कामांपुढे बरोबरची खूण आहे. पेन्सिली, खोडरबर, कॅल्क्युलेटर, त्याचे जादा सेल, पाण्याची बाटली, प्रवेशपत्र, पेट्रोल, रस्त्याचा नकाशा वगैरे. शेवटची ओळ आहे, "पासपोर्ट – फाइलमध्ये". ती खूण मी आदल्या गुरुवारीच करून टाकली होती. वही अजून माझ्याकडे आहे. ते पान मी फाडलं नाही, पण मुद्दाम उघडतही नाही.

साल दोन हजारच्या आसपासचं. आम्ही दुबईपासून दीड-दोन तासांवरच्या अल ऐनला राहत होतो. नवरा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, मी एका इस्पितळात रेकॉर्ड विभागात, आणि एकुलती एक मुलगी भारतीय शाळेत बारावीला. तिला दगडांचं वेड होतं. शुक्रवारी जेबेल हफीतला जायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी दगडात रुतलेले शिंपले वेचायचे. आइस्क्रीमचे सहा डबे तिने असल्या शिंपल्यांनी भरून ठेवले होते. तिला भूगर्भशास्त्रच शिकायचं होतं. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजने तिला प्रवेश दिला, थोडी शिष्यवृत्तीही दिली. शिक्षण चार वर्षांचं. नवऱ्याने आणि मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. तीन वर्षं ओढूनताणून जमत होती, चौथं कशातच बसत नव्हतं.

त्यातून वाट निघाली ती कॉलेजच्या माहितीपुस्तकात मागे बारीक अक्षरात छापलेल्या एका परिच्छेदातून. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा बाहेरून देता येतात. तीन ठरावीक विषयांत पुरेसे गुण मिळाले, तर पहिल्या वर्षाचं क्रेडिट आधीच जमा होतं आणि ते वर्ष सुटतं. फी पेपरमागे तीनशे दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ चार हजार रुपये. एका वर्षाच्या खर्चापुढे ते काहीच नव्हतं.

तिच्या शाळेत ही परीक्षा कोणाला ठाऊकही नव्हती. मी दुबईतल्या नऊ शाळांना फोन केले. आठ जणांनी बाहेरच्या मुलांना बसवत नाही असं सांगितलं, नवव्या शाळेने हो म्हटलं. दुबईच्या बर दुबई भागात देवळाच्या गल्लीत जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं, तिथून तीन जाडजूड पुस्तकं आणली. एकाची शेवटची वीस पानं नव्हती. बोर्डाची परीक्षा सांभाळून दिवसाला दोन तास, असा तक्ता करून फ्रिजवर लावला.

मुलगी तो बघून म्हणाली, "आई, व्हेअर इज द टेम्परेचर कॉलम?"

"ताप आला की काढीन," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. तीन पेपर निघाले तर जायचं. एक जरी राहिला, तरी कॉलेजला नाही म्हणून कळवायचं आणि पुण्याला आत्याकडे राहून बीएस्सी करायचं. तिने मान हलवली होती, वाद घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी शिंपल्यांच्या डब्यांवर तिने नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, नेण्याचे वेगळे आणि ठेवण्याचे वेगळे.

पहिला पेपर गणिताचा. पहाटे पाचला निघून सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही दुबईतल्या त्या शाळेच्या दारात होतो. टेबलामागे परीक्षेचं काम बघणारी अमेरिकन बाई बसली होती. केस आखूड, गळ्यात शिट्टी. मी फाइल उघडून पुढे केली. पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, शेवटच्या पानाची, व्हिसाच्या पानाची, तिन्हींवर मुलीच्या शाळेचा शिक्का. बाईंनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली, जणू पासपोर्ट तिथे असेल.

"हा कागद आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "पासपोर्ट कुठे आहे?"

"कंपनीत."

"कुठल्या कंपनीत?"

"माझ्या नवऱ्याच्या."

"पण पासपोर्ट तर तुमच्या मुलीचा आहे ना?"

हा प्रश्न मला तिथल्या अकरा वर्षांत सुचला नव्हता. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत. सुट्टीवर जाताना विमानतळापुरते हातात यायचे, परत आलं की दुसऱ्या दिवशी जमा. असं ठेवणं कायद्यात बसत नाही असं सगळेच म्हणत आणि सगळेच जमा करत. बँक, शाळा, टेलिफोन, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे झेरॉक्स चालायची. मी स्वतः इस्पितळात रोज पेशंटकडे "पासपोर्ट द्या" म्हणून झेरॉक्स मागत होते आणि फाइलला लावत होते. परीक्षेच्या सूचनांमध्ये पासपोर्ट आणा असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. खाली रेघही मारली होती.

बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तो अल ऐनच्या साइटवर होता.

"अहो, तिचा पासपोर्ट. ओरिजिनल मागतायत."

तो काँक्रीट मिक्सरच्या आवाजापासून लांब गेला. मग तो म्हणाला, "किल्ली पीआरओकडे असते. तो नऊच्या आधी येत नाही."

पीआरओ म्हणजे कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस. कंपनीचं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, तिथून पाऊण तासावर. पेपर आठला सुरू होणार होता. मी परत आत गेले आणि त्या बाईंना विनवलं. माझ्या इस्पितळाचं ओळखपत्र दाखवलं, शाळेत फोन लावून देते म्हटलं, इथेच बसून राहते म्हटलं. मी कधी कोणापुढे असे हात जोडले नव्हते. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण आठ वाजता दार लागलं.

मुलगी पेन्सिलींचा पाउच छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

"आई, डिड यू नॉट रीड इट?"

"वाचलं होतं."

"देन?"

तिने पाउचची चेन लावली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दार लागल्यावर ती बाई स्वतःहून बाहेर आली. सोळा दिवसांनी चुकलेल्यांसाठी पुन्हा एक पेपर असतो, म्हणाली, पण कारण पटलं पाहिजे आणि त्याचा लेखी पुरावा पाहिजे. निर्णय अमेरिकेतून होतो. आणि बुधवारी दुसरा पेपर आहे, तेव्हा ओरिजिनल नसेल तर तोही जाईल. मी गाडीत बसून वहीत दोनच ओळी लिहिल्या, पासपोर्ट आणि कागद. अक्षर माझं वाटत नाही.

कंपनीच्या ऑफिसात मॅनेजरने आम्हाला बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. दिवस वाईट होते. एक मोठं काम हातातून गेलं होतं. मागच्याच महिन्यात दोघांनी घरच्या आजारपणाचं कारण सांगून पासपोर्ट सोडवले आणि विमानात बसले ते परत आलेच नव्हते.

"भाभीजी, इस टाइम पासपोर्ट? पूरी फॅमिली जा रही है क्या?"

मुलगी माझ्या शेजारी पाउच घेऊन उभी होती. मी सगळं सांगितलं, आज पहिला पेपर बुडाला तेही.

"इन्शाल्ला, कल देखते हैं."

हा टाळाटाळीचा इन्शाल्ला मला चांगला माहीत होता. मी हलले नाही. म्हटलं, फक्त हिचा द्या, आमचे दोघांचे राहू देत, आम्ही कुठे जाणार? तो म्हणाला, नियम सगळ्यांना एकच, कंपनीतल्या दुसऱ्या माणसाची हमी पाहिजे. सही करणाऱ्याचा पासपोर्ट, हा परत जमा होईपर्यंत तिजोरीबाहेर पडणार नाही. आणि असा कोणी शोधायला नवरा इथे नव्हता, दीड तासावर साइटवर होता.

तेवढ्यात कंपनीचा स्टोअरकीपर सिमेंटची पावती घेऊन आत आला. वसईचा, नवऱ्याच्या जुन्या ओळखीचा, नाताळला आमच्याकडे केक पाठवणारा.

"वहिनी, तुम्ही इथे? काय, आमच्या स्टोअरची पण यादी करायला घेतली काय?"

मुलीनेच सांगितलं, अर्धं इंग्रजीत. त्याने पावती टेबलावर ठेवली आणि मॅनेजरला विचारलं, सही कुठे करायची.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. तो बारा दिवसांनी सुट्टीवर जाणार होता. पावसाच्या आत घराचं छप्पर काढून नवं घालायचं होतं, वसईला सुतार ठरवून झाला होता. म्हटलं, "तो पेपर पुन्हा मिळाला तर सोळा दिवसांनी आहे. तोपर्यंत हा पासपोर्ट मी परत देऊ शकणार नाही. तुमचं तिकीट जाईल. आणि मिळेलच असंही नाही."

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग मुलीकडे वळला. "काय गं, नक्की पास होशील ना? नाहीतर तू पण इथे आणि मी पण इथे."

"आय विल, अंकल."

"मराठीत सांग. इंग्लिशमधलं वचन मी धरत नाही."

"होईन, काका."

त्याने आत जाऊन सही केली.

पासपोर्ट हातात आला. निळं पुस्तक, कोपरे अजून कोरे. मी लगेच मॅनेजरला दुसरं मागितलं. हा पासपोर्ट कंपनीत होता, एवढं एका ओळीत लिहून द्या.

"लिख के नहीं दूँगा. हम तो पासपोर्ट रखते ही नहीं, भाभीजी."

त्याच्या पाठीमागे तिजोरीचं दार उघडंच होतं आणि आत रबरबँड लावलेले गठ्ठे दिसत होते.

मी भांडले नाही. भांडायला वेळ नव्हता. पण भारतात आणि इथे मिळून रेकॉर्ड विभागात वीस वर्षं काढलेल्या बाईला एक गोष्ट कळते. जिथे वस्तू आत-बाहेर होते तिथे रजिस्टर असतंच. पीआरओच्या टेबलावर ते होतं. त्यात नवऱ्याने आणि पीआरओने सही केली की एक चिठ्ठी फाटते. नवऱ्याच्या जागी आज मी सही केली होती. मी पीआरओला म्हटलं, माझी चिठ्ठी राहिली. त्याने मॅनेजरकडे न बघता ती फाडून दिली. जमा केल्याची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, बाहेर काढल्याची आजची, वेळ दहा वाजून पंचवीस मिनिटं, खाली कंपनीचा गोल शिक्का.

वाटेत चिठ्ठीची झेरॉक्स काढली. या वेळी झेरॉक्स मी ठेवली आणि ओरिजिनल त्या शाळेतल्या बाईंना दिली.

तिने दोनदा वाचलं. "चौदा महिने? आणि तुम्ही हे चालवून घेता?"

मी म्हटलं, "दुसरा पेपर परवा आहे."

तिने माझ्यासमोर फॅक्स लावला.

मग वाट बघणं. शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी, अमेरिकेला शनिवार-रविवार. आठवड्याचे चार दिवस कोणीतरी बंदच असायचं. मुलीने बुधवारचा रसायनाचा पेपर दिला, पुढच्या मंगळवारी भौतिकीचा दिला. पहिला नसेल तर या दोन्हींचा काही उपयोग नाही, हे दोघींना माहीत होतं. फ्रिजवरचा तक्ता मी काढायला गेले तर ती म्हणाली, "लीव्ह इट." गणिताचे दोन तास ती रोज करतच राहिली, मिळेल की नाही माहीत नसलेल्या पेपरसाठी. मी स्वयंपाकघरात उभी राहून पानं उलटल्याचा आवाज ऐकत असे. इस्पितळात माझ्याकडून दोन पेशंटच्या फाइली उलटसुलट लागल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. नवरा एकदा म्हणाला, "अगं, माझ्याही लक्षात आलं नाही." तो मला धीर देत होता. मला तो नको होता.

दहाव्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. परवानगी मिळाली होती. मी आधी स्टोअरकीपरला फोन केला.

"म्हणजे माझं तिकीट खलास," तो म्हणाला. "बरं झालं, वहिनी. सुतार तसा पण खोटारडा आहे."

त्या पेपरच्या दिवशी बाईंनी पासपोर्ट उघडून चेहरा बघितला आणि मुलीला आत सोडलं. मी तीन तास गाडीत बसून होते. वहीत लिहायला काही नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"प्लीज, डोन्ट आस्क."

तिथून थेट कंपनीत गेलो. एक वाजता निळं पुस्तक परत तिजोरीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर वसईला गेला.

जुलैत निकाल आला. रसायन आणि भौतिकी चांगले. गणितात कॉलेज स्वीकारतं त्यातला सगळ्यात खालचा गुण, त्याच्या खाली नाही. तरी कॉलेजचं पत्र येईपर्यंत आम्ही कोणाला कळवलं नाही. ते आठवड्याने आलं. पहिल्या वर्षाचं क्रेडिट मान्य. मुलीने दारातच उभ्याने वाचलं आणि चपलांच्या कपाटावर बसली. "थ्री इयर्स, आई," एवढंच म्हणाली. मग तिने स्वतः वसईला फोन लावला.

"काका, पास झाले."

पलीकडून काहीतरी बडबड झाली. तिने हसून फोन माझ्याकडे दिला.

"मागची खोली गळतेय, वहिनी," स्टोअरकीपर म्हणाला. "बादली ठेवलीय. ते जाऊ दे. आता अमेरिकेच्या व्हिसाला परत ओरिजिनल लागणार ना?"

"लागणार." त्या क्षणापर्यंत माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

"मी ऑगस्टच्या सहा तारखेला येतो. त्याच्या आत मॅनेजरकडे जाऊ नका. हमीशिवाय तो देणार नाही."

सहा तारखेनंतर व्हिसासाठी जेमतेम दोन आठवडे उरत होते. मी वही ओढली आणि तारीख लिहून घेतली.