पावणेसातला न उठणारा कॅमेरा

रामहरी तात्यांची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. बारामतीत आमच्या कॉलेजात दर हिवाळ्यात आम्ही लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतो. मी तिथं फिजिक्स शिकवते, म्हणून ते लचांड माझ्याच गळ्यात. चार वर्षांपूर्वी रांगेतला एक पायजमा-टोपीवाला म्हातारा पुढं आला आणि शनी बघायचा सोडून दुर्बिणीच्या स्टँडखाली वाकला. मी खेकसले, "अहो आजोबा, शनी वर आहे! खाली काय शोधताय?"

"मॅडम, तुमचा शनी हालतोय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "एक पाय अधांतरी हाय." त्यानं खिशातून बिड्यांचं रिकामं पाकीट काढलं, घडी घालून त्या पायाखाली सारलं, आणि शनी थांबला. मीही थांबले. मला गप्प करणं सोपं नाही, विचारा कुणालाही.

तात्या डाळजचे. अडतीस वर्षं साखर कारखान्यात वाफेचे आणि तापमानाचे मीटर दुरुस्त करण्यात गेली. लोकांच्या खिशाला पेन असतं, तात्यांच्या खिशाला टेस्टर. गळीत हंगामात रात्रपाळीला असताना कारखान्याच्या छतावर जाऊन आकाश बघायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. मृग नक्षत्राला ते तिकांडं म्हणायचे, आणि तिकांडं कुठवर आलंय हे बघून घड्याळाच्या चुका काढायचे. शिक्षण सातवी. पण बिघाड शोधायची जी शिस्त या माणसाकडं होती, ती आमच्या एम.एस्सी.च्या पोरांकडं नाही, खोटं कशाला बोलू. एका दिवशी एकच वस्तू बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. "दोन वस्तू बदलल्या तर चोर कोन हुता ते कळत न्हाय," असं म्हणायचे.

म्हणूनच आमचा उल्का टिपणारा कॅमेरा मी त्यांच्या घरी बसवला. बारामतीच्या दिव्यांत आता उल्का कुठल्या दिसायला! डाळजला तात्यांचं घर वस्तीपासून लांब, उजनी धरणाच्या पाण्याला लागून, स्लॅबवरून चारी बाजूंना क्षितिज मोकळं. काचेच्या घुमटाखाली आभाळाकडं तोंड केलेला कॅमेरा, शेजारी डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर. रोज संध्याकाळी पावणेसातला तो आपोआप सुरू व्हायचा, एक बारीक तांबडा दिवा लागायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो इंटरनेटवरून बारामतीत माझ्या लॅपटॉपवर येऊन पडायचा. आख्खं आभाळ एका गोल फोटोत, आणि गोलाच्या कडेला सगळं क्षितिज.

आता माझी चूक सांगते. नोव्हेंबरात एक देखणी उल्का सापडली. मी हुरळून तो फोटो गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकला. खाली लिहिलं, डाळजचं आकाश. फोटोच्या कडेला, पाण्याच्या बाजूला, पाच-सहा दिव्यांची ओळ होती. कुणीतरी विचारलं, हे दिवे कसले? मी ठोकून दिलं, मासेमारीच्या बोटी असतील. मासे कसले डोंबलाचे! त्या वर्षी धरण भरलंच नव्हतं, पाणी उतरलं होतं, आणि अंधार पडला की चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी लागत होत्या. तिथल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी बारामतीची शहाणी, मलाच तेवढं माहीत नव्हतं.

त्यानंतर आठवड्यातच तात्यांचा फोन आला. "मॅडम, आज गडी उठला न्हाय. डब्यात कॉम्प्युटरला करंट हाय, पन तांबडा दिवा न्हाय, कॅमेरा सुरूच न्हाय."

दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला. मग तीन दिवस ठीक. मग परत बंद. तात्यांनी अॅडॅप्टर बदलला. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी बंद. वायर बदलली, तरी तेच. मी नवं मेमरी कार्ड पाठवलं, त्यानंतरही तेच. मी फोनवर तात्यांवर चिडायची, "तुम्ही काहीतरी ढिलं ठेवताय!" ते चिडायचे नाहीत. "बगतो, मॅडम. सापडंल. जातोय कुठं?"

एका रविवारी मी स्वतः गेले. अंगणात एक तरणा गडी खाटेवर बसला होता, मानसिंग. शेजारच्या वस्तीवरचा. पंपाच्या जळलेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचं काम तो तात्यांच्याच हाताखाली शिकलेला, घरच्यासारखा. फार गोड बोलणं. "मॅडम, ह्या तुमच्या कॅमेऱ्यात लांबचं किती दिसतं वो?" मला कुणी असं विचारलं की मी सुटतेच. म्हटलं, "अरे, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सगळं! मुंगी सोडली तर काही सुटत नाही." तो मान डोलवत राहिला. "भारीच की," म्हणाला.

तात्यांच्या मंडळी, जयवंता काकी, चहा घेऊन आल्या. एरवी या बाईची बडबड ऐकून कान किटायचे. त्या दिवशी तोंडातून अक्षर नाही. कप देताना बशी खडखड वाजत होती. मी म्हटलं, "काकी, थंडी वाजतेय का?" त्यांनी मानसिंगकडं बघितलं आणि आत गेल्या. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. मला कॅमेऱ्याची घाई होती.

तात्यांनी वही पुढं केली. ठसठशीत अक्षरात रोजची नोंद. गुरुवार, आभाळ निरभ्र, कॅमेरा बंद. शुक्रवार, ढग, कॅमेरा चालू. सोमवार, निरभ्र, बंद. मी पानं उलटत गेले आणि परत पहिल्या पानावर आले. ज्या रात्री ढग, त्या रात्री कॅमेरा ठणठणीत. बंद पडत होता तो फक्त स्वच्छ रात्री.

"मशीनला ढग कळत न्हाय, मॅडम," तात्या हळू आवाजात म्हणाले. "मग ह्याला कसं कळतंय?"

मी उत्तर शोधून काढलं. विद्वान ना मी! प्रोग्राम मीच लिहिलेला होता आणि त्यात एक खोट होती. नेमकी पावणेसातला वीज गेली, अगदी मिनिटभर जरी गेली, तर वीज परत आल्यावर कॉम्प्युटर जागा व्हायचा, पण कॅमेऱ्याला उठवायची वेळ टळलेली असायची. म्हणजे त्या वेळेला वीज जातेय. वीज का जातेय आणि स्वच्छ रात्रीच का, हे विचारायला हवं होतं. पण मी म्हटलं, वरच्या डब्यातच एक बॅटरी बसवू, खालची वीज जाऊ दे नाहीतर राहू दे. तात्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही. "दुखनं वेगळंच हाय," म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, तेरा डिसेंबरला मिथुनेतला उल्कावर्षाव आहे. तुमचं दुखणं नंतर शोधा." बुधवारी बॅटरी पाठवली आणि त्यांनी ती बसवली. काकी तेव्हा बाजारात गेल्या होत्या.

तेरा डिसेंबर. अमावस्या पडलेली, आभाळात ढगाचा ठिपका नाही. बरोबर पावणेसातला माझ्या लॅपटॉपवर पहिला फोटो पडला आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या. फोटो येत राहिले. कडेला दिव्यांची ओळ लागली होती, पाच, सहा, आठ. मी तिकडं बघतही नव्हते, मी उल्का मोजत होते.

सव्वासातच्या आत काकींचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत.

"मॅडम, त्यो तांबडा दिवा का जळतोय वर?" काकी कुजबुजत होत्या. "म्या बटन बंद केलं हुतं. खालनं म्या बंद केलं हुतं."

मला काही समजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. माझा फोटो फिरला त्याच्या तिसऱ्या दिवशी चार माणसं घरी आली होती. तात्या दुधाला गेले होते. चहा प्यायले, हसले-बोलले. म्हणाले, कॅमेरा छान हाय, तात्या सकाळी दुधाला सायकलवरनं एकटेच जातात व्हय, रस्त्याला लई गाड्या असतात. बास, एवढंच. त्यानंतर ज्या दिवशी बोटी लागायच्या त्या दिवशी साडेसहाला काकींना फोन यायचा. "काकी, आज आभाळ ढगाळ हाय बरं का." मग काकी पावणेसातला स्वयंपाकघरातलं बटण बंद करायच्या आणि पाच मिनिटांनी परत लावायच्या. ढग आले की उल्का दिसत नाहीत, त्या रात्रीचे फोटो कुणी उघडूनही बघत नाही, म्हणून तेव्हा त्यांची हरकत नसायची. तात्यांना सांगायची सोय नव्हती. "ह्यांचा सोभाव ठावं हाय तुमास्नी. सरळ अंगावर जात्याल. आजबी फोन आला हुता. म्या बंद केलं, दिवा जातच न्हाय. मॅडम, पाया पडते, तुमी तिकडनं बंद करा."

मी लॅपटॉपकडं बघितलं. आधीच्या फोटोंत दिव्यांच्या ओळीतला एक दिवा वेगळा झाला होता. पुढच्यात मोठा. त्याच्या पुढच्यात काठाला. मी कॅमेरा बंद करायचा हुकूम पाठवला. तो पोचेपर्यंत शेवटचा एक फोटो पडला. त्यात स्लॅबच्या कठड्यावर दोन हात होते आणि त्यांच्यामध्ये मोबाइलच्या उजेडात उजळलेला एक चेहरा. कॅमेरा बंद झाला. झालं, म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात तात्यांचा फोन. आवाज हसरा. "मॅडम, मस्त चालला हुता, आन आत्ता परत बंद पडला बगा. थांबा, वर जाऊन बगतो."

"तात्या, जाऊ नका! मीच बंद केलाय! वर जाऊ नका!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

"ऐकू येत न्हाय वो. फोन खिशात टाकतो, दोन्ही हात लागत्यात शिडीला." लोखंडी शिडीवर पावलं वाजली. मी ओरडतच होते. मग तात्यांचा आवाज आला, लांबून. "कोन हाय? मानसिंग? आरं, तू हितं काय करतोस?" मग काहीतरी धाडकन आदळलं. फोन बंद झाला.

पोलिसांना फोन करायला हवा होता. मी शपथेवर सांगते, नंबर फिरवायला घेतला होता. तेवढ्यात माझाच फोन वाजला, अनोळखी नंबर. अगदी शांत, अदबीचा आवाज. "मॅडम, तात्यांचा जरा पाय घसरला. दवाखान्यात नेतोय, काळजी करू नका. आन मॅडम, आज आभाळ ढगाळ हुतं, व्हय ना?"

वर्गात साठ पोरांना दरडावणारी मी. मी म्हणाले, "हो."

"काय बी दिसलं नसंल मग."

"नाही," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि त्या संध्याकाळचे साठ फोटो एकेक करून पुसले. मग पुसलेले फोटो जिथं साठतात तिथूनही पुसले. मला भीती वाटली. त्याला दुसरं काही नाव नाही.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात गेले. तात्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. खाटेशेजारी मानसिंग मोसंबी सोलत बसला होता, काकी भिंतीला टेकून उभ्या. "पाय घसरला बगा तात्यांचा," मानसिंग म्हणाला. "नशीब, मी तिथंच हुतो." तात्या आढ्याकडं बघत म्हणाले, "व्हय. घसरला." मग मानसिंगनं मोसंबीची फोड माझ्यापुढं केली. "मॅडम, कॉलेजात तुमी स्कूटर त्या लिंबाखाली लावता न्हवं? संध्याकाळी तिथं लई अंधार असतो." मी फोड घेतली. घेतली मी ती, आणि खाल्लीही.

नर्सनं औषधं आणायला सांगितली तेव्हा कुठं तो उठला. तो जिन्याकडं वळताच तात्यांनी माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून केवढी ताकद होती!

"त्यानं ढकललं, मॅडम. म्या शिकवलेला पोरगा. हिला तितंच ऱ्हायचंय म्हनून म्या त्याच्यापुढं काय बी बोललो न्हाय. माझ्या बोलन्याला कोन इचारतंय? पन मशीननं टिपलेलं कुनाला खोडता येत न्हाय. म्या चढायच्या आधीपास्नं त्यो वर हुता, शेवटच्या फोटूत आलाच आसंल. फोटू हायती न्हवं तुमच्याकडं?"

काकी माझ्याकडं बघत होत्या. जिन्यावर पावलं वाजत होती.

"आहेत, तात्या," मी म्हणाले. "सगळे जपून ठेवलेत."

"मग आता मला काय बी हू दे," तात्या म्हणाले आणि त्यांनी माझा हात सोडला.