अकलूजच्या पाहुण्यांची लाल तोंडं

माझ्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी जेवणानंतर रंग चघळायला दिला. मुद्दाम नाही. आदरानं, बडीशेपेत कालवून.

आमची अश्विनी सोलापुरात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस आहे. एकदा मी तिचा विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात गेले. बघते तर एक मिशीवाले गृहस्थ खुर्चीत आडवे पडलेले, आणि आमची पोर त्यांना म्हणतेय, "मोठा आ करा. अजून मोठा." आणि ते करत होते! मी चार माणसांत हसतानासुद्धा पदर तोंडाला लावते. परक्या माणसापुढं अख्खं तोंड उघडायचं, तेही आपल्या अश्विनीच्या सांगण्यावरून, हे बघून मी दारातच खिळले. इतकी की डबा तसाच घेऊन घरी परत आले.

घरातही तिचाच दरारा. तिच्या धाकानं माझी मिसरी सुटली आणि आमच्या ह्यांना झोपायच्या आधी दात घासायची सवय लागली. (कुरकुरत घासतात, पण घासतात.)

तर त्या रविवारी अकलूजहून पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा तिकडं दूध डेअरीत कामाला. अश्विनीला तो पसंत होता. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण सकाळपासून ती आरशापुढून हलत नव्हती, एवढ्यावरून आईला कळतं.

जेवणं झाली. शेंगापोळ्या संपल्या. मामांनी ढेकर दिला आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पर ते काम सोडायला लागंल. लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालायचा, आमच्यात चालत न्हाय."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मुलगा खाली बघायला लागला. त्याची आई भावापुढं बोलेना. आमचे हे नुसतेच खाकरले. अश्विनी आत साडी नेसत होती, आणि तिचं म्हणणं मला आधीच माहीत होतं. "आई, काम सोडणार न्हाय. सोयरीक मोडली तर मोडली." म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत ती मोडतच होती.

हे स्वयंपाकघरात आले. "अगं, तू तरी बोल की कायतरी."

आता माझं असं आहे, मला बोलता आलं नाही की मी वाढते. पोळ्या संपल्या होत्या, तेव्हा उरली बडीशेप. ती बरणीच्या तळाला चिमूटभर. पण शेजारीच एक नवी स्टीलची डबी दिसली. उघडली तर आत तांबड्या, मसुरीएवढ्या गोळ्या. पोरीनं पाहुण्यांसाठी काहीतरी खास आणून ठेवलंय, केवढी जाण तिला, असं वाटून डोळे भरून आले. एक चाखून बघितली. फार गोड नव्हती, पण हल्लीच्या भारी वस्तू अशाच बेचव असतात. सगळ्या बडीशेपेत कालवल्या आणि वाटी पुढं केली. "घ्या की. चावून खावा."

सगळ्यांनी घेतल्या. मामांनी मूठभर.

थोड्या वेळानं मामा परत बोलायला लागले, "मी काय म्हणतो..." आणि मी दचकले. त्यांच्या प्रत्येक दाताच्या कडेनं लालभडक रेघ उठली होती. रक्तच! मला वाटलं, माझ्या पोरीच्या कामाला नावं ठेवली, देवानं जागच्या जागी दाखवलं. मी मनातल्या मनात हात जोडले. मग मुलाची आई हसली, तिचंही तोंड लाल. मग मुलाचं. मग आमच्या ह्यांचं. तेव्हा मात्र देवाचा हिशेब मला समजेना. ह्यांनी काय केलं होतं?

"दादा, तुमच्या तोंडातनं रगात येतंय," मुलाची आई म्हणाली.

"माझ्या कुटं? तुझ्याच येतंय," मामा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडं बघितलं. "बाई, पोळीत काय घातलं व्हतं?"

मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

गडबड ऐकून अश्विनी बाहेर आली. तिनं तोंडं बघितली, वाटी बघितली. "आई, डबीतल्या गोळ्या कुटं गेल्या?"

मी बोटानं मामांचं पोट दाखवलं.

ती चक्क हसली. "घाबरू नका मामा, रगात न्हाय, रंग हाय. दातावरचा मळ आपल्याला दिसत न्हाय. ह्या गोळीचा रंग त्याला धरतो, स्वच्छ दाताला धरत न्हाय. शाळंतल्या पोरांना दाखवायला आणल्या व्हत्या."

"मी रोज घासतो की," मामा दुखावल्यागत म्हणाले.

"घासताय, पर नुसतं पुढनं. हिरडीच्या कडंला ब्रश पोचतच न्हाय तुमचा. या हितं, उजेडात."

मामा उठून खिडकीपाशी गेले. "आ करा," ती म्हणाली. "मोठा."

मामांनी आ केला. ज्या हाताची आत्ताच चर्चा झाली होती तोच हात त्यांच्या तोंडात गेला. पोर शांतपणे आरसा धरून दाखवत होती, कुठं मळ बसतो, त्यानं हिरडी कशी सुजते, मग दात कसा हलायला लागतो. मग नवा ब्रश आणून दिला. "तिरपा धरा. हिरडीकडनं दाताकडं, हळू. भांडी घासल्यागत न्हाय. आतल्या बाजूनंबी." मामा फक्त "आँ आँ" म्हणत होते. मसुरीएवढी गोळी, पण वर्षानुवर्षं झाकलेलं तिनं उघडं केलं होतं, आणि माझी लेक त्याला घाबरत नव्हती. मी तिला जन्म दिलाय यावर माझाच विश्वास बसेना.

मुलगा गुपचूप मामांच्या मागं रांगेत उभा राहिला.

तेवढ्यात त्याची आई अश्विनीच्या कानाशी गेली. "माझी मागची दाढ हलतीया गं. हिरडीतनं रगातबी येतं. काढायला लावतील म्हनून कुणाला बोलले न्हाय."

अश्विनीनं बघितलं. "आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. लौकर दाखवलं तर वाचंल बी."

मुलाची आई भावाकडं वळली. "दादा, पोरीनं काम सोडायचं न्हाय. अकलूजातबी दातांचे डॉक्टर हायत की. व्हय का न्हाय?"

मामांचं तोंड फेसानं भरलेलं होतं, त्यामुळे विरोध झाला नाही. जी मान हलली ती होकाराची धरली.

सुपारी फुटली. सगळ्यांनी घासून, चुळा भरून तोंडं स्वच्छ केली. शेजारणी पेढे घ्यायला आल्या. मुलानं फोनवर सगळ्यांचा फोटो काढला. मला इतका आनंद झाला होता की आयुष्यात पहिल्यांदा पदर न लावता हसले. पाहुणे माझ्याकडं बघून हसत होते, शेजारणीही हसत होत्या. मला वाटलं, आज सगळी माझं कौतुक करतायत. मीही प्रत्येकाकडं बघून तोंड भरून हसले.

फोटो आता अकलूजच्या घरात भिंतीवर आहे. सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र, आणि मधोमध मी, लालभडक. गोळी सगळ्यांत आधी मीच चाखली होती. अश्विनीनं त्या दिवशी सगळ्यांची तोंडं तपासली, माझं तेवढं राहिलं. आई आपलं तोंड उघडतच नाही, अशी तिची खात्री होती.