चरमकाची रोटी

त्या वर्षीची रोटी कडूजहर होती, आणि आमच्या गावातले शहाणे ती गोड चहात बुडवून गिळत होते. पाऊस कमी, कापणी लांबलेली, त्यात गव्हात चरमकाचं तण माजलेलं. त्याचं बी गव्हाबरोबरच दळलं गेलं.

सव्री आपा माझी शेजारीण. मुलगा-सून रशियात मजुरीला, दोन नाती हिच्या पदरात. थोरल्या गुलरूचं पोट फुगायला लागलं तशी आपा तिला घेऊन तालुक्याला गेली. मीही सोबत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या बियांतलं विष यकृताच्या पेशी मारतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, मग पोटात पाणी साठतं. मोठ्यांना उशिरा, पोरांना आधी. औषध नाही. हे पीठ बंद केलंत तर पोर वाचेल."

आपानं घरी येऊन पिठाचं पोतं उकिरड्यावर ओतलं. कुणी भरून नेऊ नये म्हणून वर शेण कालवलं. झालं, गाव पेटलं! आमच्यात रोटी पवित्र, ती पालथीसुद्धा ठेवत नाहीत.

"पिठात शेण, बये? हात झडतील तुझे!" तिचा नवरा दवलत ओरडला.

"झडू देत. पोर जगू दे. बटाटे घालीन तिला."

"रोटीवाचून ठेवतात होय पोरं?" म्हणत त्यानं दोन्ही नाती उचलल्या नि भावाच्या घरी नेल्या.

आपा रोज त्या दारात जाऊन शिव्या द्यायची, मग हात जोडायची. दार उघडलं नाही. पोतंभर पिठासाठी हळहळणारी माणसं, पोरीच्या पोटाकडे ढुंकून बघेनात. थू!

गुलरू गेली.

मातीहून परतलेल्यांपुढे दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरला, त्यावर तीच रोटी. लोक तुकडा मोडायचे, ओठांना लावायचे, डोळे पुसत चावायचे. धाकटी मनिझा दवलतच्या मांडीवर होती. त्यानं चहात भिजवलेला घास तिला भरवला.

आपा आत आली ती सरळ पोरीकडे. तोंडात बोट घालून घास बाहेर काढला आणि पोरीला काखोटीला मारलं.

"हिला आता कुणी हात लावून बघाच," एवढंच म्हणाली.

लाळेनं बरबटलेला घास सतरंजीवर पडला होता. दवलतनं तो उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या तोंडात टाकला.