आजोबांचा पाय आणि माझा तक्ता

बाळांनो, आजोबांच्या पायाबद्दल फोनवर मी मोजकंच बोलले. खरं म्हणजे त्या आठवड्यात माझी श्रद्धाच डळमळली होती. त्यांना साखरेचा आजार जुना. अंगठ्याची जखम काळी पडली आणि पाऊल थंडगार लागू लागलं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत. मोठं ऑपरेशन झेपणार नाही; मांडीतून बारीक नळी घालून वाट मोकळी करू. पण उशीर केला तर पाय जाईल.

औशाला घरी येऊन मी सवयीप्रमाणे वही काढली आणि चार रकाने आखले: शीर आतून रुंद करणारा साधा फुगा, औषध लावलेला फुगा, स्टेंट म्हणजे शीर उघडी ठेवणारी बारीक जाळी, आतला थर खरवडून काढणं. इंग्रजी लेख वाचले. प्रत्येकात काही बरं, काही वाईट. कोणता उपाय करायचा ते नळी आत गेल्यावर शीर पाहूनच ठरेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. आधी नक्की करा, मग संमतीपत्रावर सही, असं माझं. यात तीन दिवस गेले. आजोबा रोज डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करत, आणि मी शेजारी बसून मनात देवाशी भांडत असे.

चौथ्या दिवशी नव्या शंका घेऊन आजोबांसह दवाखान्यात गेले. बाकावर निलंग्याकडची एक बाई होती.

"अक्का, काय लिवायलात?"

मी तक्ता समजावून सांगितला. तिनं सगळा ऐकून घेतला.

"आमच्यात बी लई शानी माणसं हायती. सोलापूरला न्यावं का हैदराबादला, आठ दिस इचारच केला." समोर चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा होता. धोतराची एक बाजू रिकामी. "तुमच्या मालकाचा हाय अजून. सही करा."

मी आत जाऊन सही केली. परत आले तर बाक रिकामा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आजोबांना आत नेल्यावर वही पिशवीत ठेवली आणि माझं इष्टलिंग तळहातावर घेतलं. इतक्या वर्षांत प्रथमच मी काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. तू बघ, एवढंच म्हटलं. पुढे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, साध्या फुग्यानं वाट झाली. एके जागी शीर पुन्हा मिटत होती, तिथे स्टेंट घातला. हे माझ्या कुठल्याच एका रकान्यात बसणारं नव्हतं.

आजोबांना बाहेर आणल्यावर मी त्यांच्या पावलावर हात ठेवला. ऊब होती. मी तशीच वाकून राहिले.

"अगं, इंग्रजी शिकलेली बायको शेवटी पाया पडली," आजोबा म्हणाले.

अंगठा गेला, पाऊल राहिलं. बाळांनो, वाचा, तक्ते करा, ते सोडू नका. पण वही मिटायची वेळही ओळखा. मला ती कुणीतरी बाकावर येऊन सांगितली. रोज पूजेनंतर आजोबांच्या पावलाला हात लावून पाहते, आणि त्या बाईसाठी हात जोडते.