देवाजीचं औषध आणि मिलचा फ्रिज

तांदळाच्या मिलमध्ये भुसा साचतो, तसे किस्सेही साचतात. भुशाला निदान गिऱ्हाईक मिळतं. किस्से फुकट वाटावे लागतात.

मी तुमसरच्या एका मिलचा मिस्त्री. चौथी शिकलो, पण मशीन माझ्यापुढे कधी अडून बसली नाही.

फ्रिजची गरज देवाजीला होती. देवाजी आमच्या काट्यावर धान तोलतो. त्याला साखरेची बिमारी. दुपारी जेवणाआधी सुई घ्यावी लागते. घरी फ्रिज नाही, म्हणून औषधाची बाटली ओल्या फडक्यात बांधून आणायचा. डॉक्टरने बजावलं, औषध तापलं तर सुई लागू पडणार नाही. शेठजींना सांगायला देवाजी लाजत होता. मीच गेलो.

"घेऊ," शेठजी म्हणाले. "पन बिल कमी येनारा पाहा, मिस्त्री."

दुकानात सोबत शालिकराम होता, आमचा जुना हमाल. दुकानदार म्हणाला, "हा फाईव्ह स्टार घ्या. वीज कमी खाते."

शालिकराम म्हणाला, "कमी खाते तं काम काय करन? आमच्या हमालीत कमी खानारा टिकत नाही."

मी फाईव्ह स्टारच घेतला. लहान.

आमच्याकडे बर्फाची लादी भुशात ठेवतात, वितळत नाही. शालिकरामला वाटलं, फ्रिजही भुशात ठेवला तर वीज आणखी वाचेल. सकाळी पाहतो तर फ्रिजला चहूकडून भुशाची पोती, फक्त दार मोकळं. आत सगळं कोमट.

"फ्रिज मागून गरम हवा सोडते. तू त्याचं नाक दाबलं," मी ओरडलो.

औषध वाया गेलं. शालिकराम सायकल काढून गेला आणि नवी बाटली घेऊन आला. म्हणाला, "आता तुमी कायले ओरडता, मिस्त्री? मीच मले शिव्या देऊन राहिलो."

तेव्हापासून फ्रिजचा पहारा त्याच्याकडे. दार घडीघडी उघडायचं नाही. मुनीमजींनी एकदा गुपचूप ताक ठेवलं. शालिकरामने काढून हमालांना वाटलं. मुनीमजी भडकले.

"वापस ठेवाले पुन्हा दार उघडा लागलं असतं," शालिकराम म्हणाला.

मे महिन्यात एकदा लाईट गेली. मिल बंद. शालिकराम फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसला. तेवढ्यात शेठजी गोंदियाच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. त्याने थंड पाणी मागितलं.

शालिकराम उठला नाही. "लाईट येईपर्यंत दार नाही उघडत, शेठजी. देवाजीची सुई बाकी हाये."

मला वाटलं, याची नोकरी गेली.

शेठजींनी स्वतः माठातून दोन गिलास भरले. एक व्यापाऱ्याला दिला.

व्यापारी हसला. "फ्रिज तुमचाच आहे ना, शेठ?"

"नाही जी," शेठजी म्हणाले. "बिल तेवढं माझं येते."